चढावरचे हात

चाचणीच्या तक्त्यात शेवटून दुसरा रकाना होता: बाहेरची मदत. त्यात मी 'नाही' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता मी स्वतःला फार सोवळा दाखवायला लागेन अशी मला भीती वाटते.

मी मुळातच कमी बोलणारा. वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विजेचे विषय शिकवण्यात आयुष्य गेलं. आता विजेवरच्या गाड्यांचे दिवस आले, रस्त्याकडेला चार्जिंगचे खांब उभे राहिले, तसं मला इकडंतिकडं बोलावू लागले. 'सरांनी हे काम आपल्या जिल्ह्यात कितीतरी आधी केलं होतं' अशी ओळख करून देतात. मी उठतो, चार्जिंगच्या पेटीबद्दल बोलतो, करंटबद्दल बोलतो आणि खाली बसतो. चढाबद्दल बोलत नाही. ते इथं लिहितो आहे.

दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आमच्याकडं लोडशेडिंग असं की विजेच्या येण्याजाण्यावर घरातली कामं ठरायची. आम्ही विजेला लाइन म्हणतो. लाइन आली की पिठाची गिरणी, लाइन आली की मोटरपंप, लाइन आली की इस्त्री. आमच्या विभागानं बॅटरीवर चालणारी एक तीनचाकी मालगाडी तयार केली होती. जुन्या लोडिंग ऑटोचा सांगाडा, इंजिन काढून बसवलेली मोटर आणि सीटखाली चार जाडजूड बॅटऱ्या. पण खरं संशोधन गाडीचं नव्हतं, बॅटऱ्या झटपट भरणाऱ्या पेटीचं होतं. साध्या चार्जरला अख्खी रात्र लागायची, आणि रात्री लाइन कुठली? समुद्रपूरच्या बाजारात बाजाराच्या दिवशी अकरा ते एक एवढीच लाइन असायची. जे काय भरायचं ते त्या दोन तासांत. मोठ्या शहरांतल्या लोकांना झटपट चार्जिंग हवं असतं ते त्यांना घाई असते म्हणून. आमच्याकडं घाई लाइनला होती.

पण बॅटरीत वीज कोंबता येत नाही, ती तापते. म्हणून आमची पेटी थोडा वेळ करंट द्यायची, थोडा वेळ थांबायची, परत द्यायची. भरणं झालं की हिरवा दिवा. यावर माझा एम.टेक.चा प्रबंध चालला होता. चालला होता म्हणजे सहा वर्षं रखडला होता, आणि विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती.

मार्गदर्शक होत्या आमच्या विभागप्रमुख. सगळं कॉलेज त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणायचं. हातमागाची साडी, बोटांना खडू, चष्म्याला दोरी. आवाज कधी चढला नाही, तरी प्राध्यापक मंडळी त्यांना पाहून सिगरेट विझवायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आकडा येईल तो लिहा. आपल्याला आवडण्यासाठी तो येत नसतो."

गाडी चालवून बघायला एक भाजीवालं कुटुंब निवडलं. गिरडच्या वाटेवरून डावीकडं रस्ता फुटतो, शेवटी खडकाचा एक चढ लागतो आणि वर त्यांचं गाव. नवराबायको दोघंच, आम्ही त्यांना काका-काकू म्हणायचो. रस्त्याला लागून दोन एकरांची वाडी. वांगी, मेथी, आणि आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तो. माल न्यायचा तर काळीपिवळी जीपच्या टपावर. जीप माणसांनी भरल्याशिवाय हलायची नाही, तोवर टपावरची मेथी मान टाकायची, आणि बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं घरी गेलेली.

मॅडमनी अट सांगितली. एका बाजाराच्या दिवशी सकाळी भरल्या गाडीनं जायचं, बाजारात दोन तासांत बॅटरी भरायची आणि स्वतःच्या ताकदीवर परत यायचं. जमलं तर गाडी दोन वर्षं तुमच्याकडं. नाही जमलं तर परत प्रयोगशाळेत.

काकूंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हंजे मधात बैल लावाचा नाई?"

"बैलही नाही आणि माणूसही नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग ठीक हाये," काकू म्हणाल्या. पण त्यांनी गाडीच्या हँडलवर हात ठेवला होता तो काढला नाही.

गाडी काकाच चालवणार असं आम्ही गृहीत धरलं होतं. काका म्हणाले, ज्याला शेपूट नाही त्याला मी हाकत नाही. मग काकू बसल्या. पन्नाशीला टेकलेली बाई, नऊवारीचा काष्टा, डोळ्यांवर उन्हासाठी पदर ओढलेला. कापसाच्या रिकाम्या वावरात दोन दिवस मी त्यांना शिकवलं. पहिल्या दिवशी वळताना त्यांनी गाडीला "हर्र, हर्र" केलं. बांधावर बसलेले काका म्हणाले, "थे आयकते काय?"

"तुमच्यापेक्षा जास्त आयकते," काकू म्हणाल्या आणि गाडी वळवून नेमकी त्यांच्या पायांजवळ आणून उभी केली.

दुसऱ्या दिवशी त्या मागं न बघता रिव्हर्स घ्यायला लागल्या होत्या. शिकवणारा म्हणून मला मिळालेलं सगळ्यात मोठं यश तेच असावं. त्यात माझा वाटा किती होता ते मात्र विचारू नये.

चाचणीच्या दिवशी मॅडमना कॉलेजात तपासणी निघाली, म्हणून मी एकटाच गेलो. सकाळी उतार होता, गाडी मजेत गेली. काकू पुढं, काका मागं वांग्यांच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मी पॅसिंजर नाई गड्या, मी मालात हाओ." बाजारात बियाण्यांच्या दुकानाच्या ओट्यावर आमची पेटी बसवली होती. दुकानाचे शेठ हौशी होते. पेटीभोवती गर्दी जमायची आणि गर्दीतला एखादा बियाणं घेऊन जायचा, असं त्यांचं गणित. "सर, तुमची पेटी अन् माही दुकानदारी, दोन्ही संगच तापल्या पायजेत," ते म्हणायचे.

अकराला लाइन आली. मी वही घेऊन बसलो. एकाला पंचवीस मिनिटं असताना हिरवा दिवा लागला. शेठनी सगळ्या ओट्याला चहा सांगितला. काकूंची मेथी त्या दिवशी साडेदहालाच संपली होती, त्या पाय पसरून बसल्या होत्या आणि ओळखीच्या बायांना दिव्याकडं बोट करून दाखवत होत्या. "पोट भरलं तिचं. हिरवा लागला."

मीही खुश होतो. आता विचार करतो, वेळेआधी भरली कशी असा प्रश्न तिथंच पडायला हवा होता. पडला नाही.

परतीला सपाटीवर गाडी छान आली. खडकाच्या चढाला लागलो आणि मोटरचा आवाज बदलला. आधी बारीक झाला, मग कण्हल्यासारखा, आणि एक तृतीयांश चढावर गाडी थांबली. काकूंनी ब्रेक दाबून धरला. मी मागं काकांशेजारी वही मांडीवर घेऊन बसलेलो.

बाजारातून पायी येणारी माणसं मागून आलीच. डोक्यावर पिशव्या, हातात तेलाचे डबे, एकाच्या खांद्यावर नवी कुदळ. एक जण म्हणाला, "काऊन थांबली? सासर आठवलं काय?" दुसरा म्हणाला, "चाल रे, लाव हात, पोरीले माहेरी पोचवून देऊ." कोणी कोणाला बोलावलं नाही. पिशव्या गाडीत टाकल्या आणि सात-आठ जणांनी हात लावले. एक म्हातारी नुसता एक तळवा टेकवून चालत होती आणि "जोर लावा बाप्पा" म्हणून सगळ्यांना दटावत होती. दोन जण मोठमोठ्यानं भांडत होते, कोण खरं ढकलतो आणि कोण नुसता टेकतो यावर. हसत-ओरडत गाडी वर आली. वर येताच परत गुरगुरली आणि चालू लागली.

काकूंनी वळून माझ्याकडं पाहिलं. "सर, काय लिहून राह्यले?"

"अंतर," मी म्हणालो.

त्यांनी एवढंच ऐकून मान पुढं केली. रकान्यात 'नाही' मी तिथंच लिहिलं होतं, गाडी गावात शिरण्याआधी. काकूंच्या हातून गाडी जाऊ नये म्हणून लिहिलं, असं पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते चार आणे खरं. बारा आणे माझा प्रबंध होता.

संध्याकाळी मॅडम विभागात थांबल्या होत्या. तक्ता वाचताना त्यांनी विचारलं, "चढावर?"

"चढली," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा काढला आणि माझा हात हातात घेऊन हलवला. त्या कोणाशी हात मिळवत नसत.

प्रबंध मंजूर झाला. गाडी काकूंकडं राहिली. मी पेढे वाटले, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं त्या गावाला गेलो नाही. कधी परीक्षा, कधी घरचं लग्न, कधी पाठ धरली. मॅडमना आकडे हवे असायचे, म्हणून शेठना एक छापील पोस्टकार्ड करून दिलं होतं: लाइन कधी आली, दिवा कधी लागला. ते इमानदारीनं भरून पाठवायचे. ते कार्ड मी तयार केलं होतं, आणि त्यात चढाचा रकाना मी ठेवला नव्हता.

निवृत्तीला तीन-चार महिने राहिले तेव्हा मॅडम म्हणाल्या, जाण्याआधी मला गाडी चालताना बघायचीये. कॉलेजची जीप काढली. बाजाराचाच दिवस. वर्ध्याहून समुद्रपूर येईपर्यंत त्या खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या बघत होत्या आणि मी माझे गुडघे.

बाजारातून परतीची वेळ झाली होती. आम्ही खडकाच्या चढाच्या पायथ्याशी पोचलो तर तिथं काकूंची गाडी उभी, आणि भोवती ही माणसं. कोणी घाईत नाही. बाया बसून पान खातायत, एक जण दुसऱ्याला नवा शर्ट अंगाला लावून दाखवतोय, गाडीत पिशव्यांचा ढीग. नंतर कळलं ते असं: काकूंनी तिथं एक रीतच घालून दिली होती. सपाटीवर गाडीनं सगळ्यांचं ओझं वाहायचं, चढावर सगळ्यांनी गाडीला हात द्यायचा. बाजार करून आलेला माणूस पायथ्याशी गाडीसाठी थांबायचा. दोन लग्नंही तिथंच जुळली होती म्हणे. थांबलेल्यांपैकी कोणालाच त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. गाडी अशीच असते. सपाटीवर बॅटरीची, चढावर माणसांची.

मॅडम जीपमधून उतरल्या. "ही ढकलावी लागते?"

काकूंनी मॅडमकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्या लगेच म्हणाल्या, "आत्ताच, बाई. दोन मयन्यापासून. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या असन."

काकांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. बाकीचेही सगळे एकदम गप्प झाले, जसं काही दोन महिन्यांचीच गोष्ट होती. इतक्या माणसांनी न सांगता माझ्यासाठी खोटं लावून धरलं, आणि त्यातल्या निम्म्यांना मी कोण तेही माहीत नव्हतं. काकूंनी धरलं म्हणून त्यांनी धरलं.

मॅडमनी मान हलवली. "बॅटऱ्या संपल्या तर आपली चाचणी संपली. दोन वर्षं होतच आलीत. गाडी या आठवड्यात घेऊन जाऊ. बॅटऱ्या बदलून दुसऱ्या गावाला देता येईल."

काकूंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांचा हात हँडलवर गेला, तसाच पहिल्यासारखा. पण बोललेलं त्यांनी मागं घेतलं नाही. त्या माझ्याकडंही बघेनात.

मग मी बोललो. कसं बोललो ते आठवत नाही, शब्द आठवतात. "मॅडम, बॅटऱ्या नव्या होत्या तेव्हाही ढकलली होती. पहिल्याच दिवशी. मी मागं बसलो होतो. तक्त्यात मी नाही म्हणून लिहिलं. काकू माझ्यासाठी खोटं बोलल्या."

कुठंतरी एका पिशवीतून कांदा घरंगळला तो रस्त्यावरून बराच खाली गेला. कोणी उचलायला गेलं नाही.

काका म्हणाले, "बोलले बाप्पा सर. मले वाटे मुकेच हायेत."

कोणीतरी हसलं आणि मग हसू दाबून राहिलेले बाकीचेही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या चढाकडं बघत होत्या. मी शिक्षा ऐकायला उभा, आणि त्यांनी काकूंना विचारलं, "माणसं किती लागतात?"

"आठ. बाजार मोठा असला त दहा."

"एकानं ओढून किती जोर लागतो ते मोजता येईल?"

काकूंकडं भाजी तोलायचा हुकाचा काटा होता. मॅडमनी तो दोरीला बांधायला लावला आणि गाडीच्या पुढच्या दांडीला अडकवला. गावातल्या सगळ्यात दांडग्या माणसाला ओढायला सांगितलं आणि स्वतः वाकून काटा वाचला. सगळे सल्ले द्यायला लागले. त्या गोंधळात त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "तुम्ही मागं जा आणि हात लावा. दोन वर्षं बसून झालं."

मी हात लावला. ती म्हातारी माझ्या शेजारी एक तळवा टेकवून होती. "नवे हाओ काय?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

जीपमध्ये परतताना मॅडम एकदाच बोलल्या. "आकडा कमी आला असता तर मी विद्यापीठाशी भांडून तुम्हाला मुदत आणून दिली असती. आणि पेटी दुसऱ्या दिवशी उघडली असती."

गाडी त्यांनी नेली नाही. पेटी मात्र काढून विभागात आणली, आणि दुरुस्त होईपर्यंत दर बाजाराला मी ती घेऊन जायचं असं ठरलं. विद्यापीठाला मी चुकीची कबुली देणारं पत्र पाठवलं. उत्तर आलं की पदवी दिल्यानंतर प्रबंधात बदल करण्याची तरतूद नाही, आणि आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. घरी बायकोलासुद्धा मी ते पत्र दाखवलं नाही.

पण तो उन्हाळा. माझ्या उभ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा उन्हाळा असेल, आणि हे मला शिक्षा म्हणून मिळालं होतं. दर बाजाराला सकाळी उतार, दुपारी पेटी, मग चढ. पेटीची चूक सापडली ती शेठच्या दारात. दूधवाला माप भरत होता आणि शेठ त्याच्यावर खेकसले, "फेस मोजून राह्यला काय? बसू दे." मी तिथंच उठून उभा राहिलो. घाईनं भरली की बॅटरीही तशीच वर येते, फेसासारखी. वरून भरलेली दिसते, आत अर्धी. आमची पेटी फेस बघून हिरवा दिवा लावत होती. मधली विश्रांती वाढवायची, फेस बसला की परत बघायचं आणि मगच दिवा. पण विश्रांती वाढवली तर दोन तास पुरत नाहीत. ती वेळ किती ठेवायची यात सहा बाजार गेले. मॅडम प्रत्येक वेळी आकडे मागायच्या, मी द्यायचो, ते वाईट असायचे, आणि वाईट आकडे देताना मला इतकं हलकं वाटायचं की त्यांना शंका आली असेल.

चढावर आता मला सगळे ओळखत होते. आठ माणसं लागायची ती सहा झाली, मग चार. "सर, तुमी सुधरवा, पन जरा हळू," एक जण म्हणाला. "नाईतर आमी बोलाचं कुठी?"

मॅडमच्या निवृत्तीआधीचा शेवटचा बाजार. लाइन जायला तीन मिनिटं असताना दिवा लागला. चढाच्या पायथ्याशी सगळ्यांनी पिशव्या टाकल्या आणि सवयीनं हात लावले. मॅडम जीपनं वर जाऊन एका दगडावर बसल्या होत्या. काकूंनी मूठ पिरगाळली आणि गाडी आमच्या हातांखालून निघून गेली. मोटरचा आवाज बदलला, पण कण्हला नाही. वळणावर एकदा तिचं मागचं चाक दिसलं, मग ती वर पोचून दिसेनाशी झाली.

आम्ही पंधरा-वीस माणसं रस्त्यात उभी. काकांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "आता हे ठेवाचे कुठी?" ते म्हणाले.

सगळे रमतगमत वर चढून गेलो. वर वाडीच्या कडेला काकूंनी गाडी लावली होती. पिशव्या खाली उतरवून ठेवल्या होत्या, पण कोणाला देत नव्हत्या. शेजारी सांबाराचा मोठा ढीग होता, उद्या गिरडला न्यायचा.

"ढकलाचं बंद झालं म्हून ओझं फुकटात येत नाई," काकूंनी जाहीर केलं. "ज्याची पिशवी हाये त्यानं दहा जुड्या बांधाच्या."

थोडी कुरकुर झाली, मग सगळे बसले. मॅडमही आल्या, साडी आवरून बसल्या, आणि त्यांची पहिली जुडी इतकी सरळ आली की बाया एकमेकींना दाखवू लागल्या. मग त्यांनी सांबाराचा एक भारा माझ्याकडं सरकवला. मी एक जुडी बांधून ढिगावर टाकली. काकूंनी ती उचलली, हलवली, सुतळी सोडली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"सैल हाये, सर. पुन्हा बांधा."

मी पुन्हा बांधली.